शिकायला लागलेला उशीर

बँकेच्या कर्ज विभागात काम करणाऱ्या तिने पहिल्याच भेटीत त्याला ग्राहक समजून पगार विचारला, जामीनदार कोण ते विचारलं. त्यानेही मुकाट्याने उत्तरं दिली. मग हळूच म्हणाला, "कर्ज मिळत असेल तर घेतो... पण मी खरं तर तुम्हाला नवीन सॉफ्टवेअर शिकवायला आलोय."

तिचे कान लाल झाले.

कोणतं कर्ज थकायच्या बेतात आहे, कोणता ग्राहक खातं बंद करणार, हे ते सॉफ्टवेअर रंगांत दाखवायचं. शाखेने मात्र नाकं मुरडली. आपण चहाला किती वेळ जातो तेही त्यात दिसेल, अशी कॅशियरकाकांना धास्ती. व्यवस्थापकांना वरून ओरडा मिळाल्याशिवाय काहीच पटत नसे. तो कुणाशी वाद घालायच्या भानगडीत पडला नाही. काकांची रांग किती भराभर सरते ते त्याने त्यांना पडद्यावर दाखवलं, आणि काका त्याच दुपारी फितूर झाले. मग बाकीचेही वळले.

उरली ती. सगळ्यांना येऊ लागलं की त्याने दुसऱ्या शहरातल्या शाखेत जायचं, असं ठरलेलं होतं. ती तर दुसऱ्याच दिवशी तरबेज झाली होती, पण वेड पांघरून बसली. रोज कुठेतरी अडायची... तो खुर्ची ओढून शेजारी बसायचा.

"पुन्हा सांगू?"

"सांगा ना. माझं डोकं जरा जडच आहे."

"डोकं ठीक आहे. तेवढं पडद्याकडे बघा—"

ती बघायची. क्षणभर.

शेवटी व्यवस्थापकांचा संयम सुटला. जमत नसेल तर कर्जाचं काम दुसऱ्याला देतो, तुम्ही काउंटरवर बसा, असं त्यांनी त्याच्यासमोरच सुनावलं. हे टेबल तिने वर्षानुवर्षं राबून मिळवलं होतं. ती उठली नाही. पटापट बटणं दाबून तिने धोक्यातली कर्जं वेगळी काढली, आणि त्यातलं एक उगाच लाल का दिसतंय तेही समजावलं. व्यवस्थापक खूश होऊन गेले. आता तो जाणार, या विचाराने तिला रडू आवरेना.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "चुकायच्या आधी तुमचा हात बरोबर बटणावर जाऊन यायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर जावं लागलं असतं."

तिने डोळे पुसले. त्याने बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"रविवारी येऊ? काही शिकायचं राहिलंय का?"

"नाही," ती म्हणाली. "सगळं येतं मला."

"मग... नुसताच येतो."

"या," ती म्हणाली.