उरलेले दोन टायर

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मी टायरच्या दुकानात आयुष्य घालवलेला माणूस. गोष्टी रचायची अक्कल असती तर हात असे काळे झाले नसते.

वार मंगळवार. वेळ दुपारी अडीचची. बाहेर टळटळीत ऊन.

भुतं अंधारात येतात असं मीही लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणूनच मी गाफील होतो.

त्या दुपारी माझी धाकटी बहीण पिकअप घेऊन दुकानात आली. टायर बदलायला.

तिचा नवरा जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

मेहुण्याचा अंड्यांचा धंदा होता. पोल्ट्रीतून अंडी उचलायची आणि बेकऱ्यांना, दुकानांना पोचवायची. गाडी कधी चाळीसच्या वर नेली नाही त्याने. कोणी चिडवलं तर म्हणायचा, "मागे हजारभर पोरं झोपलीत. उठवायची नाहीत." माझ्या पोटाकडे बघून तर प्रत्येक वेळी विचारायचा, "दादा, हा टायर कधी बदलणार?" आणि टायर घेताना त्यावर तळहाताने दोनदा थोपटायचा. बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं.

एका सकाळी सात वाजता, सरळ रस्त्यावर, त्याची गाडी पुलाचा कठडा तोडून खाली गेली.

लोक म्हणाले, डुलकी लागली असेल. आदल्या रात्री त्यांच्या धाकट्या पोराला ताप होता, मेहुणा रात्रभर जागा होता. बहिणीने त्याला सांगितलंही होतं, आज जाऊ नकोस. त्यामुळे तिलाही ते पटलं.

डुलकी लागली नव्हती.

पुढचा डावा टायर फुटला होता. आणि तो टायर मी दिला होता.

तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो. प्रत्येक टायरच्या बाजूवर लहानशा चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर कधी बनला ते त्यावरून कळतं. रबर नुसतं पडून पडूनही म्हातारं होतं. वरून खाचा खोल दिसतात, पॉलिश मारलं की नव्यासारखं चमकतं, पण आतून वाळलेलं असतं.

माझ्याकडे असे सहा टायर पडून होते. सात वर्षांचे. त्यातले चार मी मेहुण्याच्या गाडीला लावले.

त्याने विचारलंही होतं. "जुने नाहीत ना, दादा?"

मी म्हणालो, "मी देतोय ना."

तेवढ्यावर गेला बिचारा.

अपघातानंतर गाडी क्रेनने गॅरेजला मीच नेली. कोणी बघायच्या आत चारही टायर मीच उतरवले आणि दुसरेच, झिजलेले चढवून दिले. सहातले न लावलेले, उरलेले दोन दुकानाच्या माळ्यावर टाकले. ताडपत्रीत गुंडाळून, वरून दोरी आवळून. फेकून द्यायचे तर त्यांना पुन्हा हात लावायचं धाडस होत नव्हतं.

आणि डुलकीची गोष्ट लोक सांगत होते, तेव्हा मी मान खाली घालून ऐकत होतो.

तर, त्या दुपारी बहीण आली. मिस्त्री जेवायला गेला होता. दुकानात आम्ही दोघंच.

तीच गाडी गॅरेजमधून दुरुस्त होऊन आली होती आणि ती महिन्याभरात चालवायला शिकली होती. आता धंदा तीच बघणार होती. केस घट्ट बांधलेले, डोळे कोरडे. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती. नुसती चिडलेली असायची.

"चार टायर दाखव," ती म्हणाली. "मऊ चालतील असे. माल फुटायला नको."

मी दोन प्रकार समजावले. एक मऊ, गाडी हलू देत नाही, पण लवकर झिजतो. दुसरा कडक, वजन जास्त पेलतो, पण खड्डा कळतो. ती नीट ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "पण चालवणाराच झोपला तर टायर काय करणार?"

मी फडक्याने टायर पुसायला लागलो.

"मी त्याला सांगितलं होतं दादा, नको जाऊस. ऐकलं नाही. आम्हाला सोडून स्टिअरिंगवर झोपला. मी रोज त्याच्या फोटोसमोर उभी राहून त्याला शिव्या घालते. सकाळ-संध्याकाळ."

"असं नको करू गं," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

मी मऊ टायर आणायला मागे गोदामाकडे वळलो.

आणि तेवढ्यात... वर माळ्यावरून आवाज आला.

थप. थप.

रबरावर तळहात मारल्याचा आवाज. दोनदाच.

उंदीर असेल, मी मनाला सांगितलं. पण उंदीर मोजून दोनदा थोपटत नाही.

मी शिडी लावून, दुखरे गुडघे सांभाळत वर चढलो. ताडपत्री तिथेच होती. दोरीची गाठही मी मारली होती तशीच.

पण ताडपत्री... सपाट होती.

मी वरून दाबून बघितली. आत काहीच नव्हतं.

"दादा," खालून बहिणीची हाक आली. "हे चांगले आहेत की. हे का नाही दाखवलेस?"

मी खाली आलो.

ते दोन्ही टायर पिकअपला टेकवून उभे होते. धुळीचा कण नाही. काळेभोर, चमकत होते.

"हे कुठून आले?" मी विचारलं.

"म्हणजे? तूच ठेवून गेलास ना आत्ता? मी पाठमोरी होते, मला वाटलं तूच."

मी दोन्ही टायर ढकलत गोदामात नेले, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. "ते बुक झालेत," येताना म्हणालो. "दुसऱ्या गिऱ्हाइकाचे आहेत." खोटं बोलायची सवय झाली की जीभ अडखळत नाही.

मऊ टायर बाहेरच्या रॅकवरही होते. मी त्यातला एक काढला आणि वळलो...

ते दोघे परत गाडीपाशी उभे होते.

कुलूप बंद होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

ह्या वेळी चौकटीतले आकडे बाहेरच्या बाजूला होते. नेमके माझ्याकडे.

बहीण वाकून खाचेत काडी घालून बघत होती. "किती खोल आहेत बघ. त्यानेच शिकवलं होतं मला असं बघायला. मापही तेच आहे. गिऱ्हाइकाला दुसरे दे. मी तुझी बहीण आहे की नाही? हेच लाव."

मग तिने टायरवर तळहात मारला. दोनदा. नवऱ्यासारखाच.

आणि... आवाज आला नाही.

तिचा हात रबरावर आपटताना मी डोळ्यांनी बघितला. आवाज नाही. समोरच्या रस्त्यावरून ट्रक गेला, त्याचाही नाही. माझा कॉम्प्रेसर दिवसभर कण्हत असतो, तोही गप्प. कानात कापूस कोंबावा तसं झालं होतं.

त्या शांततेत मला एकच गोष्ट कळत होती. मी गप्प राहिलो तर ती हेच टायर लावून जाईल. मागे अंडी, शेजारी दोन्ही पोरं. अजून एक थाप मारता आली असती मला. पण कितीही वेळा हलवले तरी ते टायर परत तिथेच येणार होते. आणि आकडे माझ्याकडे तोंड करून.

"ते घेऊ नकोस," मी म्हणालो. माझा आवाज मात्र मला ऐकू आला. "तसलेच चार मी त्याला दिले होते. सात वर्षांचे जुने आहेत. त्याला डुलकी लागली नव्हती. टायर फुटला. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

कॉम्प्रेसर परत कण्हायला लागला.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं ती ओरडेल, हाताला येईल ते फेकून मारेल. बरं वाटलं असतं मला.

"झोपला नव्हता?" तिने एवढंच विचारलं.

"नाही."

"जागा होता."

"जागा होता. ब्रेकच्या खुणा होत्या रस्त्यावर. शेवटपर्यंत गाडी सावरत होता."

तिने तोंडावर हात दाबला. "चार महिने," ती म्हणाली. "चार महिने मी त्याला काय काय बोलले रे, दादा."

मग ती गाडीत जाऊन बसली. दार ओढून घेतलं आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. चार महिन्यांचं रडणं एकदम बाहेर आलं. मी दुकानाच्या मध्यभागी उभा होतो. जवळ जायचं तोंड नव्हतं मला.

थोड्या वेळाने रडणं थांबलं.

आणि मग... ती बोलायला लागली.

काच अर्धी उघडी होती. गाडीत दुसरं कोणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. ती शेजारच्या रिकाम्या सीटकडे तोंड करून बसली होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. मग थांबली. समोरच्याचं ऐकताना थांबतात तशी.

"हो. उतरला ताप. तेव्हाच दुपारी उतरला."

परत थांबली.

"जेवते रे. खरंच जेवते."

मग ती हसली. रडून सुजलेल्या तोंडाने हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा.

माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगू? भीतीपेक्षा हेवा जास्त वाटला.

"आहे ना," ती म्हणाली. "इथेच उभा आहे. दादा."

आता ती बराच वेळ मान हलवत होती, नुसतं ऐकत होती. एकदा तिने काचेतून माझ्याकडे बघितलं.

शेवटी म्हणाली, "नाही. ते मी नाही सांगणार त्याला."

ती खाली उतरली. पदराने तोंड पुसलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्याने तुला निरोप दिलाय," ती म्हणाली. "मी तो देणार नाही."

एवढं बोलून तिने गाडी सुरू केली. तेच झिजलेले टायर घेऊन, हळूहळू, दुसऱ्या दुकानाकडे गेली.

मी वळून बघितलं. गाडी होती तिथे ते दोन टायर नव्हते. माळ्यावर चढलो, तर तिथे ताडपत्रीत होते, गाठ तशीच, वर चार महिन्यांची धूळ. दुसऱ्या दिवशी मी ते ग्राइंडरने कापून त्यांचे तुकडे केले.

ह्याला आता दहा महिने झाले. डुलकीची गोष्ट मी स्वतः घरोघर जाऊन खोडून काढली, काय केलं होतं ते सगळं सांगितलं. पोलिसांनाही सांगितलं, त्यांची चौकशी चालू आहे. नातेवाईक माझ्याशी बोलत नाहीत. ते बरोबरच आहे.

बहिणीकडे मी तीनदा गेलो. ती दार उघडते, पाणी देते, गुडघे कसे आहेत विचारते. मी म्हणतो, "आता तरी सांग."

ती म्हणते, "नाही."

मेहुणा मोठ्या मनाचा होता. त्याने काय निरोप दिला असेल, याचा अंदाज मला येतो, आणि तो खरा असेल तर ती का देत नाही तेही कळतं. पण कधी कधी वाटतं, अंदाज चुकला असेल तर?

आता दुपारी मिस्त्री जेवायला गेला की मी कॉम्प्रेसर बंद करतो आणि माळ्याखाली स्टूल घेऊन बसतो. सगळीकडे शांत झालं की म्हणतो, "मेहुणे, काय ते मलाच सांगा. काहीही असू दे. मी ऐकतो."

अजून तरी कोणी काही बोललेलं नाही.