दुसरा हात

माणसं प्रेमात पडतात म्हणे. इथे आधी वीट पडली, आणि तीही थेट रंगाऱ्याच्या पायावर.

चूक सर्वस्वी वीट आणणाऱ्या बाईची होती. लाल विटांच्या घराच्या खिडक्यांना रंग निवडायचा असेल तर दुकानात विटेचा नमुना घेऊन जा, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. नमुना म्हणजे तुकडा, हे सांगायचं राहून गेलं. ही बया अख्खी वीट खांद्याच्या पिशवीत घालून रंगाच्या दुकानात आली, काउंटरपाशी पिशवीचा बंद तुटला, आणि शेजारी रंग ढवळून डबा मिळायची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाने "आई गं!" म्हणून एक पाय वर घेतला.

"लागलं का हो?"

"नाही, नाही... वीट शाबूत आहे," तो दात आवळून म्हणाला.

"दाखवा बघू. मी डॉक्टर आहे."

"पायाची?"

"दातांची."

"मग राहू द्या. तोंडावर पडली असती तर आलो असतो तुमच्याकडे."

आणि तो हसला. त्याचा वरचा एक दात जरासा तिरका होता. हा दात कुणीही, कधीही सरळ करू नये, असं तिला त्या क्षणी वाटलं. दातांच्या डॉक्टरला असं वाटायला लागलं की समजावं, प्रकरण हाताबाहेर चाललंय.

त्याने वीट उचलली आणि उजेडात धरली. "खिडक्यांना रंग बघताय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वीट घेऊन माणूस एकतर भांडायला निघतो, नाहीतर रंग निवडायला. तुम्ही रागावलेल्या दिसत नाही."

"पांढरा द्यायचाय," ती ठासून म्हणाली. ती सगळंच ठासून म्हणायची. "ते ठरलंय. फक्त कुठला पांढरा, एवढंच बघायचंय. मला सोळा पांढरे ओळखता येतात." आणि पुरावा म्हणून तिने पर्समधून दातांच्या छटांची पट्टी काढून काउंटरवर ठेवली. सोळा दात ओळीने मांडलेले बघून दुकानदार दोन पावलं मागे सरकला.

रंगारी मात्र वाकून, नीट निरखून बघत राहिला. "सुंदर आहेत," तो म्हणाला. "पण पांढरा नको. लाल विटांत पांढऱ्या चौकटी म्हणजे घर दात विचकून बसल्यासारखं दिसेल."

"मग बरंच आहे की. फुकटात जाहिरात होईल माझी."

"हा कोपरा बघा..." त्याने वीट तिच्याकडे वळवली. एक टोक निळसर करडं होतं. "भट्टीत आगीच्या जवळ होतं, जास्त भाजलं. तुमच्या भिंतीत अशा आणखी विटा असणार. खिडक्यांना हा रंग द्या. घराच्या अंगातलाच आहे, बाहेरून आणायला नको."

तो म्हणत होता ते खरं होतं. तिला ते त्याच क्षणी पटलं. पण चार माणसांत 'पांढरा' म्हणून बसल्यावर शब्द मागे घेणं तिच्या रक्तात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, 'हो' म्हटलं असतं तर डबा घेऊन घरी जावं लागलं असतं.

"बघू," ती म्हणाली. "घरी येऊन दाखवा."

*

घर तिने स्वतःच्या हिमतीवर घेतलं होतं. जुनं, बसकं, भक्कम, अकरा खिडक्यांचं. चौकटींवरचा आधीचा रंग पापुद्र्यांनी सुटलेला. घरात ती आणि तिची आत्या, दोघीच. आत्याने आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं जमवली होती आणि सख्खी भाची हाती लागत नव्हती, हे तिचं मोठं दुखणं होतं.

रंगारी दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन आला. मागच्या खिडकीवर त्याने दोन बोटं रुंदीचा एक पट्टा ओढला आणि म्हणाला, "आता सकाळी बघा, दुपारी बघा, दिवस कलताना बघा. तीनदा आवडला तरच आपला."

ती दवाखान्यात जायच्या आधी बघायची, दुपारी जेवायला आली की बघायची, आणि संध्याकाळी... संध्याकाळी तोही असायचा.

"सकाळी हा रंग शांत असतो," तो शिडीवरून सांगायचा. "संध्याकाळी जरा बोलका होतो."

"बरं आहे. काही माणसं तर संध्याकाळीही होत नाहीत."

त्याचा ब्रश जागच्या जागी थांबला. "काम चालू असताना रंग बोलका चालतो, डॉक्टर. रंगारी नाही. आमच्या वडिलांचा नियम आहे. काम संपेपर्यंत गिऱ्हाईकाशी बोलायचं ते रंगाचं. बाकीचं नंतर."

"बाकीचं म्हणजे काय?"

"ते... नंतर."

तिने पापण्या झुकवल्या, पण त्याआधी त्याचे कान लाल झालेले बघून घेतले.

इथेच सगळी गोम होती. काम संपलं की तो बोलेल, हे कबूल. पण नाहीच बोलला तर? शिडी खांद्यावर टाकून 'येतो डॉक्टर' म्हणाला तर? समोरच्याची दाढ उपटायची की ठेवायची हे एका मिनिटात ठरवणारी ही बाई, या एका प्रश्नापाशी अडली. त्यापेक्षा रंगच ठरू नये, हे बरं. म्हणून शेवाळी तिला फार ओला वाटला, तपकिरी फार पोक्त, दुधी आजारी. विटेच्या कोपऱ्यातला करडा त्याने लावून दाखवला, तर म्हणाली, "वाईट नाही." तो रंग बघण्यासाठी मात्र ती रोज पाच मिनिटं आधी उठत होती.

एकदा अचानक सर आली. तो शिडीवरून उतरून वळचणीला उभा राहिला, ती दारातून टॉवेल घेऊन धावली, आणि मग दोघंही तिथेच थांबली. टॉवेल देताना बोटांना बोटं लागली. पुढचा पाव तास दोघं फक्त ओल्या विटांचा रंग या विषयावर बोलली. इतका सुंदर विषय जगात दुसरा नसेल असं तिला वाटलं.

नववा पट्टा ओढला गेला तेव्हा आत्याने चष्मा पुसून खिडकीकडे पाहिलं. "अगं, ही खिडकी आहे का गोधडी? एवढ्या वेळात मी तीन लग्नं उरकली असती."

सगळे हसतील म्हणून तिनेही सूर लावला. "खरंच गं आत्या. मला तर आता या रंगांचा वीट आलाय!"

वीट म्हटल्यावर त्याला ती दुकानातली वीट आठवेल, तो पायाकडे बघेल, तिरका दात दिसेल, असा तिचा हिशेब होता. पण तो हसला नाही. त्याने ब्रश पुसला, डब्याचं झाकण बसवलं.

"बरोबर आहे तुमचं," तो हळूच म्हणाला. "नऊ वेळा नाही पटलं, म्हणजे माझीच नजर चुकतेय. उद्या समोरच्या खिडकीला मी माझ्या मनातला करडा देऊन ठेवतो. परवा संध्याकाळपर्यंत पटला तर ठीक. नाहीतर... माझ्या ओळखीचे एक वयस्कर रंगारी आहेत. पांढरा फार छान देतात."

तो गेला. तिला रडू आलं, आणि स्वतःचा भयंकर राग आला. याला म्हणतात पायावर धोंडा पाडून घेणं. पहिला त्याच्या पायावर पाडला, आता स्वतःच्या.

दुसऱ्या दिवशी घरी आली तेव्हा तो निघून गेला होता. समोरच्या खिडकीला रंगाचा पहिला हात दिलेला होता. रंगाऱ्यांच्या भाषेत रंगाचा एक थर म्हणजे एक हात. कडेला जरा खडबडीत बसला होता, पण लाल भिंतीत ती खिडकी अशी दिसत होती, जणू घराने पहिल्यांदा डोळे उघडले. ती फाटकाला टेकून अंधार पडेपर्यंत बघत राहिली. आता लपवाछपवी पुरे. उद्या सरळ सांगायचं, रंगाचंही आणि बाकीचंही. बोलला तर बोलला, नाहीतर आपण बोलायचं.

*

परवाची संध्याकाळ आली. शेवटच्या पेशंटला तिने कवळी बसवून अक्षरशः पळवलं आणि घर गाठलं. फाटकापाशी पोचते तोच आत्याचा आवाज कानावर पडला. आत्या पायरीवर, हातात एक चिठ्ठी, आणि रंगारी शिडीपाशी चोरासारखा उभा.

"आधी सांगायला नको होतं का रे? पहिल्या वेळी काय बिघडलं?"

ती फाटकाची कडी धरून ऐकत राहिली.

"घाई झाली, आत्या," तो म्हणाला. "चूक माझीच. लक्ष भलतीकडे होतं."

"भलतीकडे! आणि मग?"

"मग काय... नीट बसलंच नाही. दुसऱ्याच दिवशी कळून चुकलं. आज सकाळी सगळं काढून टाकलं."

"आज सकाळी मिटवलंस आणि दुपारी इथे चिठ्ठी?"

"मागचं तसंच ठेवून त्यावर दुसरं करू नये. वडिलांनी शिकवलंय."

"वडिलांना चालतं हे?"

"त्यांनी तर आयुष्यात किती वेळा केलंय!"

आत्या मटकन खाली बसली. "आणि... मुलंबाळं?"

"छे हो, हाताखाली कुणी नाही, मी एकटाच काम करतो."

तिने फाटकाआडून हिशेब जुळवला. पहिलं लग्न! आज सकाळी मोडलेलं! ज्या माणसासाठी आपण नऊ रंग नाकारले, तो... तेवढ्यात आत्याने तिला पाहिलं आणि फाटकापाशी येऊन चिठ्ठी पुढे केली. "घे, वाच. चांगल्या घरची मुलगी तू, आणि हा बिजवर!"

चिठ्ठीत सुबक अक्षर होतं:

'डॉक्टर, पहिला हात देऊन झाला, पण मनासारखा बसला नाही. घाई माझी. घासून काढला आहे. आता दुसरा हात तुमच्या होकाराशिवाय देणार नाही.'

तिने एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग खिडकीकडे पाहिलं, लाकडापर्यंत स्वच्छ घासलेली. आणि ती इतकी हसली, इतकी हसली की तिला फाटक धरावं लागलं.

"अगं आत्या, हात म्हणजे रंगाचा! रंगाचा थर!"

रंगाऱ्याच्या तोंडाचा रंगच उडाला. आपण गेला पाव तास कशाची उत्तरं दिली हे त्याला आता एकेक करून कळत होतं. "वडिलांनी... अरे देवा..."

"मग तसं लिहायचं ना!" आत्या फणकारली. "पहिला हात दिला, नीट बसला नाही, आता दुसरा देतो म्हणे! कुठल्या शहाण्या बाईला रंग आठवेल?" आणि ती चहा टाकायला आत निघून गेली. दार मात्र तिने उघडंच ठेवलं.

ती पुढे आली. चिठ्ठी अजून हातात होती. हसू ओसरलं होतं, आणि आता एक शब्द तिला टोचत होता.

"एक विचारू? रंगाला काय लागते... पसंती ना?"

"हो."

"नऊ पट्ट्यांत नऊ वेळा तुम्ही 'पसंत आहे का' असंच विचारलंत. मग चिठ्ठीत 'होकार' कुठून आला?"

तो ब्रश पुसायला लागला. लाल झालेले कान सांगत होते.

"म्हणजे आत्याने अर्धं बरोबर वाचलं," ती म्हणाली.

"अख्खी दुपार गेली तो एक शब्द लिहायला," तो शेवटी म्हणाला. "म्हटलं, तुम्हाला नकोच असेल तर रंगाचा समजून सोडून द्याल. काम चालू आहे, नियम मोडला नाही. तेवढंच..."

"आणि लक्ष भलतीकडे होतं ते कुठे?"

"तुमच्या दवाखान्याच्या रस्त्याकडे." त्याने मान वर केली. "पण परवा वीट आलाय म्हणालात ना, मग..."

"मला हा करडा पहिल्याच दिवशी पटला होता. दुकानात. वीट तुमच्या हातात होती तेव्हाच."

"मग ते नऊ पट्टे?"

"तुम्ही रोज यावंत म्हणून."

तिरका दात दिसला, आणि तिला सगळं जग जागेवर आल्यासारखं वाटलं.

"एक सांगून ठेवतो," तो म्हणाला. या वेळी त्याची नजर हलली नाही. "बाहेरचा रंग कायमचा टिकत नाही. ऊन असतं, पाऊस असतो. दर चार-पाच वर्षांनी पुन्हा यावं लागेल मला."

"यावं कशाला लागेल? इथेच राहा."

"हा... होकार समजू?"

"पसंती तर केव्हाची होती."

त्याने हात पुढे केला. बोटांना तोच निळसर करडा लागलेला होता. तिने दिवसभर जपलेला पांढराशुभ्र कोट घातला होता, सोळातला सगळ्यात पांढरा. तिने कोटाची पर्वा न करता तो हात धरला.

आतून कप वाजले, आणि पाठोपाठ आत्याचा आवाज आला. "रंगारीबुवा, त्या अकराही खिडक्या जरा लवकर आटपा! मला बाकीचं बोलायचंय!"