अलीदावर कोण आहे

नायमेखन या डच शहराच्या धक्क्यावर, वाल नदीवरच्या मोठ्या पुलाच्या जरा अलीकडे, अलीदा नावाची वाफेची बोट बांधलेली असते. शंभरी केव्हाच ओलांडलेली म्हातारी. एके काळी ती माणसं, दुधाचे कॅन आणि डुकरं घेऊन पार जर्मनीच्या हद्दीपर्यंत जायची. आता वर्षातून आठ-दहा रविवार ती धूर सोडते, लहान पोरं कानांवर हात ठेवून तिची शिटी ऐकतात, आणि उरलेले दिवस पंचवीस-तीस रिटायर झालेली माणसं तिला घासत, रंगवत आणि शिव्या घालत बसतात. पगार कुणालाच नाही. दहा वाजता कॉफी आणि कॉफीबरोबर एक बिस्कीट. दुसरं मागायचं नाही, तशी पद्धत नाही.

श्रीहर्ष त्या मंडळींत पोरसवदाच म्हणायचा, त्रेपन्नचा. पुण्याहून येऊन त्याला अठरा वर्षं झाली होती, चिपच्या कंपनीत नोकरी होती. पण बोटीचं वेड मुळात त्याचं नव्हतंच. ते त्याच्या बायकोचं, नीलांबरीचं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई, भाषा येत नाही, नोकरी नाही, मुलगी शाळेत. एक दिवस धक्क्यावर फिरताना तिला अलीदाचे पितळी पाइप दिसले आणि ती सरळ आत शिरून मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाली, तुमचं पितळ काळं पडलंय. दुसऱ्या दिवशी चिंच आणि मीठ घेऊन हजर. म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली, त्यांच्याकडे डब्यातलं पॉलिश होतं. तासाभराने ते डबे फळीवर गेले ते कायमचे. पुढची अकरा वर्षं अलीदाच्या इंजिनरूमला कोळसा, तेल आणि चिंच असा तिहेरी वास यायचा.

बोटीवर नियम फारसे नव्हते, पण एक होता आणि तो देवाच्या जागी होता. इंजिनरूमच्या दाराशी एक लाकडी पाटी. डावीकडे लिहिलेलं ‘बोटीवर’, उजवीकडे ‘किनाऱ्यावर’, दोन्हीकडे खिळे, आणि प्रत्येकाच्या नावाचा एक पितळी बिल्ला. चढलात की आपला बिल्ला डावीकडे, उतरलात की उजवीकडे. डावीकडे एक जरी बिल्ला असला तरी बोटीला कुलूप लागणार नाही, आणि दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही. फार पूर्वी कुणीतरी घाईघाईत दुसऱ्याचा बिल्ला हलवला होता आणि एक माणूस बॉयलरच्या आत राहून गेला होता, असं बोटीचा मुख्य मेकॅनिक खेरित सांगायचा. पुढे काय झालं ते मात्र सांगायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत नीलांबरी बॉयलरजवळचा पाइप घासत होती. “जरा गरगरतंय,” म्हणाली आणि खाली बसली. मेंदूतली शीर फुटली होती. तिला स्ट्रेचरवरून उतरवलं. त्या गडबडीत बिल्ल्याचं कुणाच्या ध्यानात येणार? तेराव्यानंतर खेरित घरी आला. चौऱ्याहत्तरचा आडदांड माणूस, पण टोपी हातात चुरगाळत बसला होता. “तिचा बिल्ला डावीकडेच आहे,” तो म्हणाला. “आता तो तूच हलवू शकतोस.”

“राहू दे,” श्रीहर्ष म्हणाला.

आणि राहिला. नियम म्हणजे नियम. तेव्हापासून अलीदाला कुलूप म्हणून लागलं नाही. खेरित रोज संध्याकाळी दाराला दोरी बांधून घरी जायचा.

श्रीहर्ष दर शनिवारी बोटीवर जाऊ लागला. घरी मुलगी अवनी नव्हती, ती ग्रोनिंगनला शिकत होती, आणि घर अंगावर यायचं. बोटीवर गेलं की तो पाटीपाशी क्षणभर थांबायचा. डावीकडे तिचा बिल्ला, शेजारी आपला लावायचा. दोघं बोटीवर आहोत. एवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा. वेडेपणा म्हणा, पण असा वेडेपणा नसता तर तो कधीच कोलमडला असता.

पहिल्या हिवाळ्यात बर्फ पडलं तेव्हा बॉयलरच्या वरच्या डेकवर ते टिकलं नाही. ऊन लागलं असेल, असं सगळे म्हणाले. ऊन कुठलं, आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. दुसऱ्या हिवाळ्यात नदीवरची बदकं नेमकी त्याच फळ्यांवर येऊन झोपू लागली. त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

या फेब्रुवारीत मात्र बॉयलरची तपासणी आली. इन्स्पेक्टर आत शिरून बघणार, सही करणार, तर बोटीला धक्क्यावरची जागा राहणार. खेमेंतेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, स्पष्ट कळवलं होतं की महिनाअखेरपर्यंत सर्टिफिकेट नसेल तर जागा चालत्या बोटीला द्यावी लागेल. आणि जागा गेलेली बोट कुठे जाते हे धक्क्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. भंगारात. गावाने जीव टाकला होता. सह्या झाल्या, शाळेतल्या मुलांनी चित्रं काढून खिडक्यांत लावली, मराठी मंडळाच्या बायकांनी भर थंडीत धक्क्यावर साबुदाणा वडे तळले आणि डच लोकांनी ते मोहरीच्या सॉसबरोबर खाल्ले. नीलांबरी असती तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता.

बॉयलर ऑक्टोबरात रिकामा करून ठेवला होता. खेरितने मॅनहोलचं झाकण उघडायला त्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

“हे कोमट आहे,” तो म्हणाला.

श्रीहर्षने बॅगेतून तापमान मोजायची गन काढली. कोरोनात घेतलेली, तेव्हापासून बॅगेतच असायची. सवयीप्रमाणे आधी आपल्या तळहातावर धरली. तेहतीस. त्याचा तळहात कायम तेहतीसच दाखवायचा, म्हणून गन बरोबर चालतेय ना हे तो त्यावरच ताडून बघायचा. मग बाहेर नदीच्या पाण्यावर धरली. सहा. मग बॉयलरवर.

पस्तीस.

हा आकडा त्याच्या ओळखीचा होता. कोरोनाच्या त्या वर्षी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती दोघं तळहात मोजायची. त्याचा तेहतीस, तिचा पस्तीस. रोज. “माझं रक्त गरम आहे, जपून राहा,” ती म्हणायची आणि तोच तळहात त्याच्या गार मानेवर ठेवायची.

इंजिनियर माणूस, लगेच मान्य कसा करणार? त्याने धक्क्यावरून येणारी वीज तोडली. पाइप सुटे केले. चार दिवस रजा काढून दर तासाला वहीत आकडे लिहिले. बाहेर कधी सहा, कधी उणे तीन. बॉयलर पस्तीस. चौथ्या दिवशी त्याने बॉयलरजवळचा पाइप पाहिला. जवळजवळ टोकापर्यंत लखलखीत होता, फक्त शेवटचा वीतभर भाग काळा. त्या दिवशी ती जिथे थांबली होती तिथपर्यंत.

“चिंच तू आणतोस का?” खेरितने विचारलं.

“नाही.”

“मीपण नाही,” खेरित म्हणाला, आणि दोघंही कॉफी प्यायला वर गेले.

इन्स्पेक्टर आला, त्यानेही हात लावून पाहिला आणि मान हलवली. कारण न कळलेली ऊब असेल त्या बॉयलरमध्ये तो शिरणार नव्हता. पुढच्या गुरुवारी दुपारी दोनला पुन्हा येईन, म्हणाला. शेवटचं.

तो गेल्यावर खेरित पाटीसमोर उभा राहिला. “बोटीवर माणूस असताना बोट थंड करत नाहीत,” तो म्हणाला. “माझ्या बापानेही कधी केली नाही.”

“तू यंत्रं जाणणारा माणूस आहेस, खेरित.”

“म्हणून तर बोलतोय.”

श्रीहर्षला राग आला. भलताच राग. अकरा वर्षं ज्या बाईने यांचं पितळ घासलं तिला हे खाली उतरवायला निघाले होते. घरी येऊन त्याने अवनीला फोन केला आणि सगळं सांगितलं, बॉयलर, पाइप, आकडा, सगळं. 

“बाबा, शी लव्ह्ड दॅट बोट,” ती म्हणाली. “जस्ट मूव्ह हर बिल्ला. प्लीज.”

“अगं, मग ती जाईल.”

“आय नो,” अवनी म्हणाली, आणि रडू लागली. मग तोही रडला. दोन वर्षांत बापलेक पहिल्यांदाच एकत्र रडले.

गुरुवारी सकाळी आठ वाजता नदीवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. त्याने सायकल कठड्याला लावली, दाराची दोरी सोडली, आत गेला. आपला बिल्ला डावीकडे लावला. तिच्या शेजारी, शेवटचं.

 बोट ठेवायची की बायको, असा हिशेब कुणाच्या वाट्याला येऊ नये. बोट भंगारात गेली तर पाटीही जाणार आणि बिल्लाही जाणार, हे त्याला कळत होतं. कळून काय होतं?

त्याने तिचा बिल्ला काढला. तो कोमट होता.

“चल, उतर आता,” तो म्हणाला. “घरी जा. किल्ली शेजारच्या मीनलकडे आहे.”

किल्लीचं आपण का बोललो, हे त्याला कळलं नाही. त्याने बिल्ला उजवीकडच्या खिळ्याला लावला.

वर डेकवर बदकं एकदम उडाली.

मग धक्क्यावर जायची फळी करकरली. त्याने दारातून पाहिलं. फळी मधोमध वाकली, सरळ झाली, पुन्हा थोडी पुढे वाकली, आणि शांत झाली. धुक्यात कुणी नव्हतं.

साडेआठला बॉयलर एकतीस. नऊला चोवीस. अकराला बारा. एक वाजता सहा, नदीइतका.

दोन वाजता इन्स्पेक्टर आत शिरला आणि अर्ध्या तासाने हातपाय काळे करून बाहेर आला. “उत्तम,” म्हणाला आणि सही केली. धक्क्यावर दीडशे माणसं जमली होती. टाळ्या वाजल्या, कुणीतरी बँडही आणला होता. खेरितने श्रीहर्षला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यावर तोंड लपवलं. श्रीहर्ष हसत होता, सगळ्यांशी हात मिळवत होता, आणि त्याच्या डोक्यात एकच होतं. घरी. कुणाला काही न सांगता तो फळीवरून उतरला आणि सायकलवर बसला.

घराचं दार बंद होतं. आत सगळं सकाळी होतं तसंच होतं. त्याने बूट काढले नाहीत, गन काढली. बैठकीची भिंत सोळा. कोच सोळा. पलंगाची तिची बाजू सोळा. सोळा, सोळा, सोळा. असं कसं? मग जायचं कुठे तिने? 

शेवटी तो स्वयंपाकघरात गेला. टेबलाशी दोन खुर्च्या. आपल्या खुर्चीवर गन धरली. सोळा. समोरच्या खुर्चीवर धरली.

पस्तीस.

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने तळहात खुर्चीवर टेकवला. “आलीस?” तो म्हणाला. एवढं सुख त्याला दोन वर्षांत झालं नव्हतं.

खिशातला फोन वाजला. खेरितचा मेसेज होता.

‘सगळे गेले. आज दोन वर्षांनी कुलूप लावणार होतो, पण तुझा बिल्ला डावीकडेच आहे. विसरलास वाटतं. मी हात लावलेला नाही, नियम तुला माहीत आहे.’

खाली आणखी एक ओळ आली.

‘बॉयलर पुन्हा कोमट लागतोय. बोटीवरच्या थर्मामीटरने मोजला. तेहतीस.’

श्रीहर्षने ती ओळ दोनदा वाचली. मग गन उचलली आणि सवयीप्रमाणे, ती बरोबर चालतेय ना हे बघायला, खुर्चीवर टेकलेल्या आपल्या हातावर धरली.

सहा.

गनची काच शर्टाला पुसून त्याने पुन्हा धरली. सहा.

 मग त्याने तो हात खुर्चीवरून अलगद काढून घेतला. तिला गार लागू नये म्हणून.