ताडांमधला उतार

शिरवण्यात तेव्हा सायकल चालवणारी बाई एकच, ती म्हणजे सुमेधा सिस्टर. निऱ्यांना कपडे वाळत घालायचा चिमटा लावायची, हँडलला लशींचा डबा अडकवायची आणि निघायची. पोरं सुरुवातीला मागे धावली, “सिस्टर, ब्रेक लागतो का?” म्हणून ओरडली, मग कंटाळली.

सन एकोणऐंशी. मागे खाडी आणि मिठागरं, पुढे ठाणे-बेलापूर रस्ता, रस्त्यापलीकडे कारखाने, आणि कारखान्यांच्या डोक्यावर डोंगर. नवी मुंबई हे नाव अजून सरकारी पाट्यांवरच होतं. संध्याकाळी घरोघरी सुकटीचा वास सुटायचा आणि कुणाचंही पोर कुणाच्याही ओटीवर झोपायचं. सुमेधाचं माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं, लग्न होऊन इकडे आलेली. नवरा, नंदकुमार, महाप्याला कारखान्यात पाळीवर. मिलिंद सहा महिन्यांचा, अंगावर पिणारा, खालचा एक दात नुकताच आलेला. ती कामावर गेली की घरमालकीण शेवंताबाई त्याला सांभाळायची.

डोंगरापलीकडच्या पाड्यावर लस टोचायला जायचं तर वाट एकच. दगडखाणीच्या पत्र्याच्या शेडपासून खडीचा रस्ता वर चढायचा, दोन्ही बाजूंना ताडाचं रान, माथ्यावर खिंड, खिंडीपलीकडे पाडा. झाडाझाडावर मडकी बांधलेली असायची. ताडीवाले पहाटे आणि दुपारी मडकी उतरवून, सायकलीच्या दोन्ही अंगांना डबे लावून कारखान्यांच्या फाटकाकडे न्यायचे. त्या रस्त्याला सायकली माहीत होत्या त्या या ताडीवाल्यांच्याच.

“जाताना चालतच जाशील,” शेवंताबाईनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “पन येताना पन चाल गो बाय. ताड लागले का उतर, ताड संपले का बस.”

“मावशी, चढावर सगळेच उतरतात. उतारावर पण उतरायचं तर सायकल घेतली कशाला?”

“आमचा बापूस उतरायचा. बैलगारी असली तरी उतरायचा.”

“पण का?”

“नाय म्हाईत. मी सासूला पन नाय इचारला कधी. तू लई शिकलेली, तू इचार.”

सुमेधानं विचारलं, ते गोटीराम ताडीवाल्याला. तो तिच्यासोबत खिंडीतून खाली चालत येत होता. त्यानं डब्यांवर हात ठेवला आणि म्हणाला, “हिंदकळते, सिस्टर.” एवढं कारण तिला पुरलं. बाबासाहेबांची दीक्षा घेतलेल्या घरातली मुलगी ती, घरात ना अंगारा ना धुपारा. डबे हिंदकळतात म्हणून उतरायचं. आपल्याकडे तर ताडी नाही. तरी गोटीराम सोबत असायचा म्हणून तीही चालायची.

मार्चातल्या त्या दुपारी गोटीराम नव्हता. पाड्यावर काम लांबलं होतं. एका पोराला ताप, दुसऱ्याची आई सापडेना. सुमेधा निघाली तेव्हा छाती दगडासारखी झाली होती आणि पोलक्याला ओल फुटली होती. मिलिंद एव्हाना रडून रडून निळा झाला असेल, वाटीनं पाजलेलं पाणी थुंकत असेल. खिंडीत वारा होता. खाली ताडांच्या शेंड्यांवरून कारखान्याची चिमणी दिसत होती.

ती उतरली नाही.

पहिलं वळण छानच गेलं. ताडाची पानं सुपं पाखडल्यासारखी वाजत होती. आंबूस वास होता, मडक्यांच्या तोंडाशी माश्या होत्या. दुसऱ्या वळणावर एक ताड रस्त्यावर झुकलेला होता, खोडाला खाचा पाडलेल्या, त्यावरच्या मडक्याचा काठ फुटलेला. तो मागे पडला. आता शेड दिसायला हवी होती.

पुढे उतारच होता. ब्रेक दाबून दाबून बोटं दुखायला लागली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण बराच वेळ पायडल मारलेलं नाही. डोंगर एवढा उंच नव्हता.

मग झुकलेला ताड आला. मडक्याचा काठ फुटलेला.

असे दोन ताड असू शकतात, असं तिनं स्वतःला सांगितलं. ती उतरली. डब्यातली बँडेजची पट्टी फाडून खोडाला बांधली, नीट गाठ मारली आणि पुन्हा निघाली. वळण, पानांचा आवाज, आंबूस वास. वळण. खोडावर पट्टी होती. गाठ तिचीच होती.

तिनं सायकल फिरवली. खिंडीकडे परत जावं, पाड्यावरून कुणाला तरी सोबत घ्यावं. हँडल वळवलं, टाच उचलली, आणि चाकं आपसूक गडगडायला लागली. तिकडेही उतारच होता.

मग ती चालली. मावशीनं सांगितलं होतं तशी, सायकल हातात धरून, ताड संपेपर्यंत. पण ताड संपले नाहीत. तिची सावली चाकाखाली होती, तिथून ती हलली नाही. चिमणीचा धूर दिसत होता, तोही हलत नव्हता. मडक्यांत थेंब पडत होते, टप्, टप्, आणि प्रत्येक थेंबाबरोबर तिच्या छातीत कळ येत होती. तिनं “गोटीराम” म्हणून हाक मारली. नंतर नुसतीच हाक मारली. खाणीत दुपारी सुरुंग लावतात, तेही आज गप्प होते.

झुकलेल्या ताडाखाली आता एक बाई बसलेली होती. गुडघ्यावर नेसलेलं लुगडं, अनवाणी, मांडीवर गाठोडं. तोंड सावलीत.

“बस गो,” ती म्हणाली.

“मला घरी जायचंय. रस्ता कुठून जातो?”

“ह्योच रस्ता.”

“माझं बाळ उपाशी आहे.”

“माजा पन.”

बाईनं गाठोडं पुढे केलं. आत पोर होतं. सुमेधातली नर्स आधी पुढे झाली. ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली, कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहत होती. रडायचंही त्राण नव्हतं.

“तुम्हाला दूध नाही?”

वर मडक्यात थेंब पडला.

सुमेधा खाली बसली. पुढे आयुष्यभर तिनं या क्षणाचा विचार केला, आणि दरवेळी तिला हेच कळलं की आपण पुन्हाही तेच केलं असतं. तिनं पोराला पदराखाली घेतलं. त्याचं तोंड गार होतं, माठाच्या बुडासारखं. त्यानं आधी नुसतं हुंगलं, मग धरलं. खालचा एक दात लागला.

ते खूप वेळ प्यायलं. दोन्हीकडचं संपेपर्यंत प्यायलं. बाई झाडाला टेकून बघत होती.

“जा,” ती शेवटी म्हणाली. “तुजा पोऱ्या उपाशी नाय.”

सुमेधा सायकलवर बसली. एकच वळण, आणि समोर खाणीची शेड. खडी फोडणारी माणसं भाकरीची फडकी सोडून जेवायला बसली होती. एकानं तिला ओळखून हात केला.

घरी शेवंताबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. पाळणा हलत नव्हता.

“हळू,” ती म्हणाली. “आताशी झोपलाय.”

“रडला का फार?”

“कशाला रडेल? तूच तं मगाशी पाजून गेलीस. येक शब्द नाय बोललीस गो. मना वाटला पाड्यावर काय वाईट झाला.”

“मी?”

“मंग कोन? दारातच बसलीस तिथं, पाठमोरी. परत गेलीस तं चालत. म्हटलं, सायकल पंचर झाली.”

सुमेधानं पाळण्यात वाकून पाहिलं. मिलिंद तृप्त झोपला होता, पोट टणक, मूठ उघडी. ओठांच्या कोपऱ्यात पांढरा थेंब होता. तिनं तो बोटानं पुसला आणि हुंगला. आंबूस होता.

चार-सहा दिवसांत तिचं दूध आटलं. डॉक्टरीण म्हणाली, दगदग. वरचं दूध मिलिंद तोंडातून बाहेर काढायचा. पण दवाखान्याच्या काट्यावर त्याचं वजन वाढतच राहिलं, आणि हे सुमेधा स्वतःच्या हातानं तोलत होती. तिनं बदलीचा अर्ज केला, मिळालीसुद्धा. नांदेडला सासरी राहायला गेली, तर मिलिंदची टाळू खोल जायला लागली. सासूनं नाचणीची पेज, बकरीचं दूध, सगळं केलं. आठवडाभरात सुमेधा त्याला घेऊन परत शिरवण्याला आली. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो ओटीवर पोट भरून झोपलेला सापडला.

“कसा गुटगुटीत हाय,” शेवंताबाई म्हणायची. सुमेधानं बदली रद्द करून घेतली आणि पुढे कधी मागितली नाही. नंदकुमार म्हणायचा, “तुलाच गाव सुटेना.” ती हसायची.

मिलिंद वाढला. रात्री सगळ्यांसारखा जेवायचा. दुपारचा डबा मात्र शाळेतून जसाच्या तसा परत यायचा.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो तिच्याच सायकलीवर शिकला. खिंडीतून तोवर डांबरी रस्ता गेला होता आणि रुंदीकरणात ताड सगळे तोडले होते. एकही बुंधा उरला नव्हता. पाड्यावर पोलिओचे डोस होते. सुट्टी होती म्हणून तो सोबत आला. परतताना खिंडीत तिनं सायकल त्याच्या हातात दिली. उतार आहे, बस तू, मी मागून येते, असं म्हणून बघावं, असं तिच्या मनात आलं. पण तिनं काहीच म्हटलं नाही.

जिथं पहिला ताड होता तिथं तो आपणहून खाली उतरला. त्याला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तो सायकल धरून चालायला लागला, तिच्या पुढे, आणि वळणाआड गेला.

तिला थेंब ऐकू आला. टप्. मग आणखी एक.

ती वळणावर पोचली तेव्हा सायकल रस्त्याच्या कडेला स्टँडवर उभी होती आणि मिलिंद उन्हात मांडी घालून बसला होता, पाठमोरा, किंचित पुढे झुकून.

“डबा काढू का रे?”

“नको,” तो उठला. “झालं माझं.”

आणि त्यानं मनगटानं ओठ पुसले.