प्रज्योतनं बटण का दाबलं नाय

जय भीम, दशरथभाऊ. बसा, उठू नका. मी भांडायला आलेलो नाय. परवा तुम्ही माझ्या बहिणीला फोनवर बोललात, "तुमचा पोरगा बहिरा आहे असं कळलं, बहिऱ्याला आम्ही पोरगी देणार नाय," आणि फोन ठेवलात. बापाचा जीव आहे, मला राग नाय. पण तुम्हाला कळलं ते अर्धंच कळलं. पूर्ण गोष्ट मी सांगतो, पोराचा मामा. झकास गोष्ट आहे, लव्हस्टोरीच म्हणा. फक्त मधी उठायचं नाय, आणि तुमच्याच पोरीची आहे म्हणून लाल व्हायचं नाय. संपली की मग काय ते हो-नाय करा.

तर आमचा प्रज्योत लिफ्टचं काम करतो. इथं तुमच्या नाहूरला ते टॉवर उभे राहिलेत ना, वर बघता बघता टोपी पडते, त्यांच्या लिफ्टा तो सांभाळतो. दिवसभर वर-खाली, वर-खाली. भादव्यात त्याला जबरी सर्दी झाली. तसाच कामावर गेला, तसाच सुसाट लिफ्टनं वर जाऊन खाली आला, आणि डावा कान गच्च. एरवी असं झालं की आवंढा गिळायचा, फट् करून कान सुटतो. या खेपेला सुटलाच नाय. स्वतःचं बोलणं मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं. आणि वर आतून आवाज सुरू. ट्यूबलाइटचा चोक गेला की कशी गुणगुणते, तसा. कोणाला ऐकू येत नाय, याला एकट्यालाच.

पोरगं टरकलं. कारण त्याचा बाप कारखान्यात प्रेस मशीनवर होता, त्याचे कान असेच वाजत वाजत गेले. याला वाटलं, लागला आपला पण नंबर. टॉवरचा वॉचमन आहे बाळा म्हणून, त्यानं लसणाचं तेल कोमट करून कानात ओतलं. कान काय उघडला नाय, पण लिफ्टमधली माणसं नाक दाबायला लागली. शेवटी मुलुंडला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेला. आणि तिथं कान तपासायला बसते कोण? तुमची चेतना.

ती तपासणी कशी असते माहीत आहे ना? पेशंट छोट्या बंद खोलीत बसतो, कानाला हेडफोन, हातात बटण. चेतना काचेच्या पलीकडून बारीक-मोठे आवाज सोडते. आवाज आला की बटण दाबायचं. एवढंच.

हेडफोन लावायला ती वाकली आणि थांबली. "कानाला फोडणी कोणी दिली?"

"वॉचमननं," हा बोलला.

"पुढच्या वेळी त्याला सांगा, कढीपत्ता विसरला. अहो, कान आहे की कढई? परत तेलाचा थेंब घातलात ना, तर मी हात लावणार नाय."

ती पलीकडं जाऊन बसली. याचा अंगठा सुरू. टक्. टक्. टक्.

माइकवर तिचा आवाज आला, "अहो, काय दाबताय?"

"आवाज आला की दाबायचं बोललात ना?"

"हो, पण मी अजून सोडलाच नाय आवाज!"

"मग हा कोण सोडतोय?"

तिनं ओठ दाबून हसू आवरलं. यानं ते काचेतून बघितलं... आणि दाबलं परत. टक्.

मग दुसरं मशीन. ते कानात हवा ढकलतं आणि कागदावर रेघ काढतं. चांगल्या कानाची रेघ डोंगरासारखी चढते-उतरते. याची खाडीच्या पाण्यासारखी आडवी. चेतनानं समजावलं, "कानातून नाकाकडं जाणारी एक नळी असते, ती सुजून बंद झालीय. आतबाहेरची हवा सारखी होत नाय, म्हणून गच्च वाटतं आणि वाजतं. बहिरे नाय होत तुम्ही. उघडते बहुतेक वेळा. दम धरायचा."

"आणि तोवर हा आवाज?"

"कसा आहे तो, बघू. डोळे मिटा. मी एकेक सोडते. तुमच्या आवाजासारखा आला की हात वर करा."

जाडा आवाज आला. नाय. बारीक. नाय. अजून बारीक... अजून... "हाच! हाच तो!" पोरगं उभंच राहिलं. तिनं तोच आवाज आपल्या कानाला लावला. ऐकत राहिली. हसणं गेलं चेहऱ्यावरचं.

"हा? दिवसभर?"

"रात्री जास्त."

"मग झोपता कसे?"

दशरथभाऊ, तोवर त्याला सगळ्यांनी विचारलं होतं, कामावर कधी येणार. झोपतोस कसा हे कोणी विचारलं नव्हतं. आम्ही पण नाय. तिथंच गेला तो. दोर तुटलेल्या लिफ्टसारखा सरळ खाली.

डॉक्टरीणबाईंनी नाकात मारायचं औषध दिलं आणि टॉवरवर वर-खाली करणं काही दिवस बंद करायला सांगितलं. बाकीचं चेतनानं. "एकदम शांत खोलीत झोपायचं नाय. पंखा लावा, रेडिओ बारीक लावून ठेवा. कानाला दुसरं काम दिलं की तो आवाज मागं पडतो. वाफ घ्या, च्युइंगम चघळा, जांभया द्या."

"जांभई काय ऑर्डर दिल्यावर येते?"

"येते की. माझ्याकडं बघा." आणि काचेपलीकडून तिनं अशी मोठी जांभई दिली की यालाही आली. त्याची बघून तिला परत. बाहेर पेशंटांची लाइन, आणि आत ही दोघं समोरासमोर जांभया देतायत!

मग फेऱ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला तपासणी. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाय. सुटल्यावर खालच्या टपरीवर एक कटिंग. बाहेर भुरभुर पाऊस असायचा, टपरीचं छप्पर एवढंसं. ती न सांगता त्याच्या उजव्या बाजूला यायची. चांगल्या कानाच्या. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा गडी डोळे चोळत होता, बोलला कचरा गेलाय.

"आज आवाज कसा आहे?" ती विचारायची.

"तू बोलतेस तेव्हा नसतो."

"चल, डायलॉग मारू नको."

"डायलॉग कुठं? तूच बोललीस ना, कानाला दुसरं काम दे."

ती ग्लासात बघायची. चहा संपलेला असायचा, तरी बघायची.

आणि एक दिवस टॉवरच्या तळमजल्यावर, कुठलीतरी वायर जोडता जोडता, याला जांभई आली. फट्! कान सुटला. एकदम सगळं आत घुसलं... कबुतरांची फडफड, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी, पाइपातून गळणारं पाणी. आतला आवाज पण बारीक झाला, असून नसल्यासारखा. पोरगं नाचलं. बाळाला मिठी मारली. आणि मग तिथंच पायरीवर बसलं तोंड पाडून. का? तर कान सुटला म्हणजे मुलुंड सुटलं.

आता इथं त्यानं जे केलं ते मूर्खपणाचं. माझा भाचा आहे म्हणून झाकणार नाय.

त्या आठवड्यात ते हवेचं मशीन रिपेरिंगला गेलेलं. नुसती बटणाची तपासणी. चेतना एकेक आवाज सोडत होती, आणि याला सगळे ऐकू येत होते. स्वच्छ. तिनं सोडलेला एकेक आवाज तो डोळे मिटून ऐकत राहिला, आणि अंगठा आवळून धरला. दाबलं नाय.

तिच्या कपाळावर आठी. "अरे, कमी झालंय ऐकणं. पुढच्या आठवड्यात येशील ना?"

हेच तर पाहिजे होतं! शीळ घालत खाली उतरला. पुढच्या आठवड्यात परत तेच. त्याला वाटलं, कोणाचं काय जातंय?

पण डॉक्टरीणबाईंनी ते कागद बघितले आणि बोलल्या, "हा तर खालावतोय. पडद्याला बारीक भोक पाडून नळी बसवू. लहान ऑपरेशन आहे." चेतनाचा चेहरा पांढरा. त्या दिवशी टपरीवर तिनं चहाला हात लावला नाय. "घाबरू नको," ती बोलली, "मी असेन तिथं." आणि डोळे भरले तिचे. तेव्हा तुमच्या घरी पण ती नीट जेवत नव्हती, आठवा जरा.

याच्या जिभेवर आलं होतं. आलं आणि परत गेलं. आता सांगितलं तर ही तोंड बघायची नाय, म्हणून गप्प बसला. भ्याला, भाऊ. प्रेमात माणूस ऑपरेशनला भीत नाय, खरं बोलायला भितो.

ऑपरेशनच्या आधी शेवटचं तपासायला बोलावलं, तर मशीन रिपेर होऊन आलेलं. रेघ निघाली. डोंगर! उभा, टोकदार. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी धरले. दार उघडंच, बाहेर बाक भरलेला.

"चेतना, मशीन म्हणतं कान ठणठणीत, तुझी तपासणी म्हणते ऐकू येत नाही. मी तुझ्या भरवशावर माणसाच्या पडद्याला भोक पाडायला निघाले होते. उद्यापासून तू तपासायचं नाहीस. बाहेर बसून नंबर लाव."

चेतनानं एकदाच प्रज्योतकडं बघितलं. एका नजरेत तिला सगळं कळलं. तिनं एवढंच म्हणायचं होतं की हा खोटं बोलला. पण ती बोलली नाय, भाऊ. मान खाली घालून उभी राहिली. किती मेहनतीनं शिकली, हे तुम्हाला मी काय सांगणार? ते सगळं जात होतं, तरी याचं नाव घेतलं नाय.

मग हा उठला. भरल्या दवाखान्यात, खणखणीत बोलला, "मॅडम, तिची तपासणी बरोबर आहे. मीच बटण दाबलं नाय. सगळं ऐकू येत होतं."

"का नाही दाबलं?"

"दाबलं असतं तर परत यायला मिळालं नसतं."

बाकावरच्या एक गुजराती मावशी बोलल्या, "अरे दीकरा, सीधा बोलायचा ने! त्याच्यासाठी कान कापायचा?" आणि जो हशा पिकला! त्या हसण्यातलंच कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचलं, दशरथभाऊ. येताना वाटेत सगळं सांडलं, 'बहिरा' तेवढं घेऊन आलं.

डॉक्टरीणबाईंनी पोराला झाडला. चेतनाची सगळ्यांसमोर माफी मागितली, तिचं काम तिला परत दिलं. सगळे हसले, ती नाय हसली. जिन्यावर त्याला गाठून बोलली, "मी रडले तुझ्यासाठी. खरंच बिघडलेल्या कानासाठी रडले असते तरी चाललं असतं. जा तू."

हा गेला. फोन नाय, फेरी नाय. कान उघडा होता, पण रात्री आतला आवाज परत वाढला. पंखा लावला, रेडिओ लावला, कशालाच बधेना. मी बोललो, जा, पाया पड तिच्या. तर बोलतो, "नाय मामा. ती बोलली जा, तर गेलं पाहिजे. तिचं ऐकलं नाय असं परत नाय करायचं."

बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी हा टॉवरच्या लॉबीत लिफ्टचं दार बसवत होता, आणि बाजूला कोणीतरी येऊन उभं राहिलं. या खेपेला डाव्या बाजूला. एकदम हळू, ओठातल्या ओठात...

"आवाज कसा आहे?"

यानं पाना खाली ठेवला. वळून बघायचं धाडस होईना. "वाढलाय."

"का?"

"दुसरं काम नाय ना कानाला."

"डायलॉग मारू नको."

"नाय मारत. चुकलो, चेतना. तुझी नोकरी जात होती आणि मी..."

"ते झालं. एक अट आहे." ती समोर आली. "ऐकू आलं तर आलं म्हणायचं. न ऐकल्याचं सोंग परत नाय. माझ्यापुढं तर नायच."

"आणि ऐकून गप्प बसलो तर?"

"ते चालतं. सगळे नवरे तेच करतात."

बोलून गेली आणि मग तिच्याच लक्षात आलं. तोंडावर ओढणी. बाजूची लिफ्ट आली, दार उघडलं, वाट बघून बंद झालं, परत वर गेली... ही दोघं तिथंच. बाळा वॉचमन सांगतो, वरच्या माळ्यावर जाणारे लोक खाली अडकून बोंबलत होते, पण त्या दिवशी त्यानं कोणाला त्या दोघांच्या मधून जाऊ दिलं नाय.

अशी गोष्ट आहे, दशरथभाऊ. खोटं सांगणार नाय, रात्री तो बारीक आवाज अजून येतो कधी कधी. पंखा लावतो, तिला फोन करतो, झोपतो. डॉक्टरीणबाई बोलल्या, घाबरायचं कारण नाय. पण बहिरा? बहिरा नाय तो. आणि परवा तुम्ही 'नाय' बोललात तरी चेतना पळून जायचं बोलली नाय. बोलली, बाबांना सगळं खरं सांगा, मग ते काय म्हणतील ते. म्हणून मी आलो. आत्ता ती आत भांड्यांचा आवाज पण करत नाय बघा, कान इकडंच आहे तिचा.

तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी मामा, मी भाच्याची बाजू घेणारच. तो खाली आहे. भाजीच्या गाडीपाशी, तुमच्या बिल्डिंगकडं डावी बाजू करून उभा. वर बघायचं नाय, असं मीच सांगून आलोय. दुसऱ्या माळ्याची तर गोष्ट आहे. गॅलरीत या, दशरथभाऊ, आणि तुम्हीच एकदा त्याच्या नावानं हाक मारा. ओरडू नका. आतल्या खोलीतल्या पोरीला हाक मारता ना, तशी हळू मारा.