त्रेचाळिसावी सही

डेड्झाच्या डोंगराखालच्या विद्यापीठात, संख्याशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर दोन संशोधन सहायिका एका खोलीत बसत. सकाळी खेड्यांतल्या पाहणीचे आकडे संगणकात भरायचे आणि दुपारी पहिल्या वर्षाच्या मुलांचे सरावाचे वर्ग घ्यायचे, हे त्यांचं काम. एनिफाला ते करता करता नऊ वर्षं झाली होती, तियामिकेला दोन. जूनअखेर दोघींपैकी एकीलाच व्याख्यात्याची कायमची जागा मिळणार होती.

तियामिके कामाला वाईट असती तर एनिफाचं तिच्याशी छान जमलं असतं. पण मुलं तिच्या वर्गाला दहा मिनिटं आधी येऊन बसत. दुपारची मक्याच्या पिठाची न्सिमा खाऊन झाली की तिच्याभोवती घोळका करत. एनिफाने रात्र रात्र बसून तयार केलेली उदाहरणंच ती फळ्यावर लिहायची आणि वर मोकळेपणाने सांगायची, "ही आमच्या ताईंची आहेत हं." त्या मोकळेपणाने तर एनिफाचा जास्तच जळफळाट होई.

विभागाची एक रीत होती. निवडीच्या वर्षी प्रत्येकीने दुसरीचा एक वर्ग मागे बसून पाहायचा आणि पिवळ्या कागदावर अहवाल लिहायचा. विभागप्रमुख डॉक्टर कालुवा तो कागद प्रमाण मानत. जागा त्याच्यावरच ठरायची.

त्या बुधवारी धुकं व्हरांड्यापर्यंत उतरलं होतं. एनिफा जिना चढून वर्गाच्या दारापर्यंत गेली. आत तियामिके काहीतरी म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. नऊ वर्षांत एनिफाच्या वर्गात कुणी असं हसलं नव्हतं. ती तशीच मागे फिरली. खोलीत येऊन तिने दार लावलं, तळलेली गोड मंदासी चहात बुडवून खाल्ली आणि न पाहिलेल्या वर्गाचा अहवाल लिहायला घेतला.

नुसतं 'वर्ग बरा झाला नाही' लिहून भागणार नव्हतं, डॉक्टरांना तपशील लागत. म्हणून तिने लिहिलं, मागच्या बाकावर खिडकीपाशी चाळिशीची एक बाई बसली होती. अंगाभोवती हिरव्या कापडाचा चितेंजे गुंडाळलेला, पदरासारखा. तिने तीनदा हात वर केला, शिक्षिकेने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी ती उठून एवढंच म्हणाली, "सरासरी काढलीत, पण ज्यांना मोजलंच नाही त्यांचं काय?" हा प्रश्न एनिफाला स्वतःलाच इतका आवडला की तिने तो पुन्हा एकदा वाचला. मग खाली ऐटीत सही केली.

दुसऱ्या दिवशी अहवाल वाचून तियामिके पडलेल्या चेहऱ्याने आली.

"ताई, ती बाई मला दिसलीच नाही हो. माझ्या वर्गात बेचाळीस जण आहेत, सगळ्यांची नावं पाठ आहेत मला. तुम्ही तरी कधी आलात, कधी गेलात, काही कळलं नाही."

"पाहणाऱ्याने दिसायचं नसतं," एनिफा संगणकावरून नजर न काढता म्हणाली. "आणि तुला पुढच्या बाकावरचे चेले तेवढे दिसतात."

"असेलही. सांगितलंत ते बरं केलंत. आता नीट बघेन."

पुढच्या बुधवारी वर्ग संपवून ती आली ती हसतच.

"सापडली, ताई. खिडकीपाशीच होती. हुशार आहे हो बाई. तोच प्रश्न परत विचारला."

एनिफाने कप खाली ठेवला. "मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला काही उत्तर येत नाही. एनिफाताईंना विचारा. 'विचारीन' म्हणाली."

पोरीने खोटं पकडलंय आणि आता आपल्याला खेळवतेय, असं एनिफाला वाटलं. तियामिके जेवायला गेल्यावर तिने तिच्या वर्गाचा हजेरीचा कागद काढून मोजला. त्रेचाळीस सह्या होत्या. शेवटच्या सहीपुढे नाव नव्हतं आणि कागद तेवढ्याच जागी ओलसर होता. त्या सहीचा वळसा एनिफाने लगेच ओळखला. पिवळ्या कागदाच्या तळाशी तिने स्वतः तोच काढला होता.

तिने कागद होता तिथे ठेवला. कुणाला काही सांगायची सोय नव्हती. सांगायचं म्हणजे आपण वर्गात गेलोच नव्हतो हे आधी सांगायला हवं, आणि मग जागा गेलीच. जागा तिला हवी होती. गेली नऊ वर्षं हवी होती.

शुक्रवारी तिचा स्वतःचा वर्ग होता आणि तो तियामिके पाहणार होती. आत शिरताच एनिफाने आधी खिडकीपाशी पाहिलं. बाक रिकामा होता. तिच्या जिवात जीव आला.

तिने जीव ओतून शिकवलं. फळ्यावर गणित मांडून ती वळली, तर मुलं तिच्या जरा डावीकडे पाहत होती. ती डावीकडे सरकली. त्यांच्या नजरा तिथून हलल्या नाहीत.

तिने प्रश्न विचारला. एका मुलीने उत्तर दिलं, पण ते तिला नव्हतं.

मग सगळा वर्ग हसला. एनिफा काहीच बोलली नव्हती.

खिडकीतलं गार वारं तिच्या गालाला लागत होतं. फळा खिडकीपासून चांगला लांब होता.

वर्ग संपल्यावर तियामिकेने पिवळा कागद टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे न पाहता शेजारी डॉक्टरांच्या खोलीत गेली. एनिफाने वाचला.

'एनिफाताईंनी फार सुंदर शिकवलं. मुलं पोट धरून हसली. हिरवा चितेंजे त्यांना शोभत होता. एकच उणीव दिसली. मागच्या बाकावर खिडकीपाशी तपकिरी स्वेटरमधली एक बाई होती, वरचं बटण तुटलेलं. तिने दोनदा हात वर केला. ताईंनी पाहिलं नाही.'

एनिफाचा हात गळ्याशी गेला. तिथे बटणाचा नुसता दोरा होता.

शेजारच्या खोलीत डॉक्टर कालुवा म्हणत होते, "जागा तुमचीच, एनिफा. अभिनंदन."

ती दारात जाऊन उभी राहिली. तियामिके मनापासून टाळ्या वाजवत होती. डॉक्टरांसमोरच्या खुर्चीच्या पाठीवरून हिरवं कापड लोंबत होतं.

"सर," ती म्हणाली. "मी इथे आहे."

कुणी वळलं नाही.

तिने हात वर केला. ही तिसरी वेळ होती.