दहाव्या मात्रेआधी

गिटारवर ठोके मारून मारून मी तिच्या पॉलिशची पार वाट लावली होती. फ्लॅमेंको या स्पॅनिश शैलीत तारा छेडता छेडता बोटाने लाकडावरही ठोका द्यायचा असतो, म्हणून तिथे आधी एक पातळ पट्टी चिकटवतात. माझ्या गिटारला पट्टी नव्हती आणि मला अक्कल नव्हती.

दुरुस्तीवाल्याने ओरखडे पाहिले, मग माझं नख पाहिलं, मग मला... जरा जास्तच वेळ. त्याच्या कानामागे पेन्सिल होती, बाहीवर भुसा. मी उगाचच हात मागे घेतला आणि बडबडायला लागले. आमच्या गिटारच्या सरांचा हात आता थरथरतो, त्यांनी वादन सोडलंय, येत्या रविवारी त्यांच्या घरी मी त्यांच्यासाठी बांधलेली रचना वाजवणार आहे, सगळं जमलंय पण शेवट काही केल्या बसत नाही... तो पट्टी लावत राहिला.

मग तपासायला म्हणून त्याने बारा मात्रांचं एक आवर्तन वाजवलं. नवव्या मात्रेनंतर तो थांबला – जेमतेम श्वासाएवढा – आणि मग दहावी घेतली.

तिथे फक्त आमचे सर थांबतात, आणि त्यांचं बघून आम्ही शिष्य. का, ते कुणालाच माहीत नाही.

“तुम्ही सरांकडे शिकलात?”

“सहा वर्षं. मग एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, सर, तुमची दहावी मात्रा उशिरा येते.” तो पेन्सिलशी खेळत राहिला. “ते नुसतं ‘असेल’ म्हणाले. मलाच परत तोंड दाखवायची लाज वाटली.”

“आणि हात अजून थांबतोच?”

“जित्याची खोड...” तो हसला, आणि माझं काही खरं नाही हे मला तिथेच कळलं.

त्या आठवड्यात माझ्या गिटारला रोज नवा आजार झाला. कधी खुंटी सैल, कधी तार कुरकुरते. तो गंभीर चेहऱ्याने तपासायचा आणि काहीही न सापडता मला तासभर बसवून घ्यायचा. सर का थांबत असतील यावर आम्ही खूप डोकं चालवलं. बुधवारी तुम्हीचं तू झालं. शुक्रवारी त्याने माझा शेवट ऐकला आणि विचारलं, “तू दहावीआधीची ती जागा भरून का टाकतेस?”

“नियमाने तिथे थांबायचं नसतं. सरांसमोर चुकायचं नाहीये मला.”

“मग हे नियमासाठी बांधलंयस, सरांसाठी नाही.”

असा राग आला! घरी जाऊन मी ते सगळे जादा सूर काढून टाकले. शेवट बसला.

रविवारी ये म्हटलं, तर तो नाहीच म्हणाला. मी म्हटलं, टाळीवर मात्रा धरायला माणूस हवा, नाहीतर मी सरांसमोर तोंडावर आपटेन. हे अर्धं खोटं होतं. तो आला... आणि दाराजवळच उभा राहिला.

मी वाजवलं. तो टाळी देत होता. दहाव्या मात्रेआधी आम्ही दोघंही एकदम थांबलो. सरांनी डोळे मिटले.

मी शेवटचा सूर घेतला. मग सर त्याला म्हणाले, “तुझं बरोबर होतं. माझी करंगळी तेव्हाच दगा द्यायला लागली होती, त्या सुरावर वेळेत पोचायचीच नाही. सांगितलं असतं, तर तुम्ही माझा हात बघत बसला असता. गाणं कुणी ऐकलं नसतं.”

तो दारातूनच म्हणाला, “सर, मी...”

“तू यायचं का बंद केलंस, ते मला कधी कळलं नाही.” मग सर माझ्याकडे वळले. “याला तू आणलंस? टाळीसाठी?”

हो म्हणणं सोपं होतं. पण सरांसमोर मला कधी खोटं बोलता आलेलं नाही.

“नाही सर. मला हा आवडतो, म्हणून.”

दारातल्या माणसाचे कान लालबुंद झाले. “हे... मला आधी सांगायचंस ना.”

“आता ऐकलंस ना?” सर म्हणाले. “मग तिथे काय उभा आहेस? तिच्याजवळ जाऊन बस.”

तो आला, आणि बसला.